तृणमण्यातली माशी आणि आमचा मोहोर

परवा काका कलमांवर फवारणीची तयारी करत होते. मोहोर अगदी फुललेला. मी म्हटलं, "काका, आत्ता नको, माश्या मरतील." काका हसले, "मरूदेत की! डॉक्टरकी माश्यांवर करतोस काय?"

खरं तर तसंच काहीसं आहे.

परागीभवन म्हटलं की आपल्याला मधमाशी आठवते. पण आंब्याच्या मोहोराजवळ दहा मिनिटं उभे राहून बघा. दोनच पंख असलेल्या, घरमाशीच्या गोतावळ्यातल्या माश्यांची तिथे केवढी वर्दळ असते! (मधमाशीला चार पंख असतात.) आणि हा धंदा त्यांचा फार जुना आहे.

पुरावा मिळतो तृणमण्यात, म्हणजे झाडाची राळ कोट्यवधी वर्षं गाडली जाऊन कडक होते त्यात. स्पेनमधल्या एल सोप्लाओच्या सुमारे 10.5 कोटी वर्षं जुन्या तृणमण्यात लांब सोंडेची एक माशी सापडली, बुक्सिनेटरमाया. 2015 साली तिच्यावरचा शोधनिबंध आला. नुसत्या सोंडेवरून फार तर अंदाज बांधता आला असता. इथे तिच्या अंगाला परागकणच चिकटलेले होते, आणि तेही फुलझाडाचे नव्हेत, तर बेनेटायटेल्स या नामशेष झालेल्या, फुलासारखे शंकू धरणाऱ्या झाडांचे! फुलझाडं तेव्हा आलेली होती, पसरतही होती. पण या माशीचं गिऱ्हाईक जुनंच होतं. ही झाडं आपल्याकडेही होती. राजमहालच्या टेकड्यांतल्या अशाच एका झाडाचं वर्णन बिरबल साहनींनी 1932 साली केलं होतं.

रत्नागिरीत असा तृणमणी मिळेल का? एवढा जुना तर नाहीच. आपला काळा कातळ लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जांभ्याखाली लिग्नाइटचे थर आहेत, पण ते त्याहूनही बरेच अलीकडचे. जवळची जागा म्हणजे सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण. तिथला तृणमणी पाचेक कोटी वर्षांचा. 2010 च्या अभ्यासात त्यातून सातशेहून जास्त कीटक आणि त्यांचे भाईबंद नोंदवले गेले. तो इतका मऊ की द्रावणात विरघळवून आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो. मला तर हे वाचून हेवाच वाटला.

काकांना हे सगळं सांगितलं. "तुडतुड्यांना वाचून दाखव तुझा निबंध," म्हणाले. त्यांचंही खोटं नाही, तुडतुड्यांनी मोहोर काळा पडला की वर्षाचं उत्पन्न गेलं. शेवटी फुलं गळून कणी धरेपर्यंत थांबायचं ठरलं, पण फक्त विहिरीकडच्या सहा कलमांपुरतं. बाकीच्यांवर फवारणी झाली.