मर्यादवेल, हरळी आणि वेडेलिया : जमीन झाकणाऱ्या वनस्पतींचा इतिहास कसा वाचायचा?

पीएच.डी.ला विषय शोधताना अनेकांचा पहिला प्रश्न असा असतो : "अमुक ठिकाणी लावायला सगळ्यात चांगली वनस्पती कोणती?" प्रश्न साधा आणि उपयोगाचा आहे. फक्त तो अजून बागेचा प्रश्न आहे, संशोधनाचा झालेला नाही. 'चांगली' हा शब्द मध्ये अडकलाय. चांगली कुणासाठी, कोणत्या कामासाठी, आणि हे ठरवलं कुणी, हे विचारलंत की त्याच प्रश्नातून संशोधनाचा विषय निघतो. आज हे एका उदाहरणातून बघू.

उदाहरण आहे जमिनीलगत पसरणाऱ्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या वनस्पतींचं. नर्सरीत त्यांना सरसकट 'ग्राउंड कव्हर' म्हणतात. जागा घेऊ चिंचणीची. डहाणू तालुक्यातलं हे गाव खाडीच्या उत्तरेला आहे आणि दक्षिणेला तारापूर. पश्चिमेला समुद्र आणि वाळूचा किनारा, किनाऱ्याला सुरूची झाडं, आत वाड्या आणि विहिरी. खाडीपलीकडे १९६९ पासून चालू असलेलं अणुऊर्जा केंद्र आणि पुढे बोईसरची एमआयडीसी. थोडक्या अंतरात खारी वाळू, खाडीकाठची ओल, वाडीची माती आणि कॉलनीतलं लॉन असे चार प्रकार मिळतात. 'ग्राउंड कव्हर कोणतं लावू?' ह्या प्रश्नाचं उत्तर इथे प्रत्येक शंभर पावलांवर बदलतं.

कागद कशाची नोंद ठेवतो?

चिंचणीचा लिखित इतिहास जुना आहे. १९५५ मध्ये इथे ताम्रपट सापडले आणि दि. चं. सरकार यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केले. त्यातला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. संयान, म्हणजे आजचं संजाण, इथे राष्ट्रकूटांच्या वतीने ताजिक, म्हणजे अरब वंशाचा मधुमती नावाचा अधिकारी कारभार बघत होता. 'मधुमती' हे 'मुहम्मद'चं संस्कृत रूप. त्याने लोकांसाठी फुकट होड्या आणि अन्नछत्र सुरू केल्याची नोंद त्यात आहे.

आता विचार करा, दानपत्र लिहिणारा माणूस जमिनीकडे कसं बघत असेल? गाव कोणतं, दिलं कुणाला, चारही बाजूंच्या सीमा कोणत्या, उत्पन्न कुणाला जाणार. म्हणजे जी जमीन पिकते आणि कर देते, ती कागदावर येते. किनाऱ्यावरची वाळू आणि तिच्यावर पसरलेली वेल ह्यांच्यातून महसूल निघत नाही. म्हणून पायाखालच्या वनस्पतींचा इतिहास शोधताना राजांचे दस्तऐवज बहुतेकदा गप्प असतात. स्रोत गप्प आहे म्हणजे ती गोष्टच नव्हती, असा निष्कर्ष काढायचा नाही. ज्या माणसाला त्या वनस्पतीकडे बघण्याचं कारण होतं, त्याचे कागद शोधायचे. आपल्या बाबतीत ती माणसं म्हणजे वैद्य, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि माळी.

एका वेलीची वंशावळ

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या वरच्या अंगाला एक वेल वाळूवर सरपटत असते. जांभळट गुलाबी, नरसाळ्यासारखी फुलं आणि टोकाला दुभंगलेलं जाड पान. तिला आपण मर्यादवेल म्हणतो.

कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते. रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. युरोपात छापलेल्या ग्रंथात १६७८ साली नागरी अक्षरं! अकराव्या खंडात आपली वेल 'शोवन्ना अडंबो' ह्या मलयाळी नावाने येते. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ 'लाल'.

पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिला 'कॉन्व्हॉल्व्ह्युलस पेस-काप्री' हे नाव दिलं. पेस-काप्री म्हणजे बकरीचा पाय, पानाच्या आकारावरून. त्याच्यासमोरच्या आधारांत ऱ्हीडेचं हे चित्र होतं. त्याच ग्रंथात त्याने अमेरिकेकडच्या अशाच एका वेलीला 'ब्राझिलिएन्सिस' हे वेगळं नाव दिलं. १८१८ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने आपल्या वेलीला 'आयपोमिया' ह्या प्रजातीत नेलं. १९४० मध्ये व्हॅन ओस्टस्ट्रूमने 'ब्राझिलिएन्सिस'ला त्याच जातीची उपजाती ठरवलं. जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर दिसते ती ही उपजाती. खोल दुभंगलेल्या पानांची दुसरी उपजाती मुख्यतः उत्तर हिंदी महासागराच्या काठाने सापडते. ह्या वेलीचं बी महिनोन्‌महिने पाण्यावर तरंगूनही रुजू शकतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने दाखवलं, की समुद्रातून वाहत जाणाऱ्या बियांमुळेच तिचा जागतिक प्रसार टिकून राहिला आहे.

एवढी नावं सांगण्याचं कारण असं. तुम्ही फक्त 'आयपोमिया पेस-काप्री' एवढंच सर्च केलंत, तर १८१८ आधीच्या नोंदी तुमच्या हाती लागणार नाहीत. वनस्पतीच्या इतिहासाचं पहिलं काम म्हणजे समनावांची यादी करणं : शास्त्रीय, स्थानिक, आणि जुन्या लिप्यंतरातली सुद्धा.

आणि आपलं मराठी नाव? लिनियसने पान बघितलं. मराठीने काम बघितलं. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल असते. ती तिथे करते काय, हे आता जीवशास्त्राच्या भाषेत सांगता येतं. वारा वाळू उडवत आणतो, वेलीच्या पानांशी त्याचा वेग कमी होतो आणि वाळू तिथेच पडते. वेल गाडली जाते, पण मरत नाही. पेरापेरांवर नवी मुळं फुटतात आणि शेंडा वर येतो. पुन्हा वाळू, पुन्हा मुळं. अशी वाळूची टेकडी उभी राहते. स्पायनिफेक्स नावाचं काटेरी गवतही हेच काम करतं. वादळी भरतीत समुद्र आधी ह्या साठलेल्या वाळूला खातो, आतल्या वाडीपर्यंत यायला त्याला वेळ लागतो. सुरूची झाडं वारा अडवतात, पण त्यांच्या सुकलेल्या पानांच्या जाड थराखाली फारसं काही उगवत नाही. सुरू आणि मर्यादवेल दोन्ही 'किनारा राखतात' असं एका वाक्यात म्हणून टाकलं, की दोन वेगळी कामं एक होऊन जातात.

हरळीचं लॉन झालं तेव्हा

आता किनाऱ्यावरून कुंपणाच्या आत येऊ. गणपतीला वाहतो ती दूर्वा, शेतकरी खणून खणून थकतो ती हरळी आणि माळी कापून सारखं करतो ते लॉन. वनस्पती एकच, 'सायनोडॉन डॅक्टिलॉन'. देव्हाऱ्यात पवित्र, शेतात तण, बंगल्यात शोभा. मुळात काही बदललेलं नाही, बदलली ती जागा आणि बघणारा.

लॉन ही कल्पना इंग्लंडमधून आली. पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो तिथली. १८३० मध्ये एडविन बडिंग याने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याआधी सपाट हिरवळ म्हणजे विळा चालवणाऱ्या मजुरांचा ताफा. यंत्रामुळे ती मध्यमवर्गाच्या अंगणात आली. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत पश्चिम भारताची ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली. तिच्या बागेतून देशोदेशीची झाडं इथे रुजवायचे प्रयत्न झाले. १८३९ मध्ये पोस्ट खात्यातले अधिकारी जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरातल्या वनस्पतींची सूची निघाली. छपाई चालू असतानाच ते वारले आणि जोसेफ निम्मो यांनी ती पुरी केली. आपण होऊन उगवणाऱ्या, लागवडीच्या आणि बाहेरून आणलेल्या, हे तीन प्रकार तिच्या शीर्षकातच आहेत. 'देशी की परदेशी' हा वाद घालताना ही सूची एकदा तरी उघडाच.

इंग्लंडमध्येच लॉनला पर्याय मांडणारेही निघाले. विल्यम रॉबिन्सनने १८७० च्या 'द वाइल्ड गार्डन'मध्ये उघडी माती झाकायला टिकाऊ वनस्पती आपल्या आपण पसरू द्याव्यात, असा विचार मांडला. बरोबर शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांचं केवळ ग्राउंड कव्हरवरचं पुस्तक आलं. त्यामागे साधं कारण होतं, माळी परवडेनासे झाले. कमी देखभालीत जमीन झाकणारं झाड ते चांगलं झाड, ही व्याख्या अशी घडली. नर्सरीच्या फलकावर आज 'लो मेंटेनन्स' लिहिलेलं असतं, त्यामागे हा इतिहास आहे.

वेडेलियाचा प्रश्न

ह्या व्याख्येत अगदी चपखल बसणारी वनस्पती म्हणजे वेडेलिया. चकचकीत पानं, बारमाही पिवळी फुलं, पेरापेराला मुळं, ऊन-सावली दोन्ही चालतं, किंमत थोडी. मूळची उष्ण अमेरिकेतली. १७५९ मध्ये लिनियसने तिला 'सिल्फियम' प्रजातीत ठेवलं होतं, आजचं नाव 'स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा'. रस्त्यांचे दुभाजक, सोसायट्यांची आवारं, रिसॉर्टचे उतार, सगळीकडे ती दिसते. आणि आययूसीएनच्या जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीतही तिचं नाव आहे.

यात विरोधाभास नाही. लवकर पसरणं, तुकड्यातून रुजणं, दुसऱ्याला उगवू न देणं : बागेत ज्या गुणांसाठी ती निवडली, तेच गुण कुंपणाबाहेर उपद्रव ठरतात. छाटणीचा ढीग खाडीकाठी टाकला, की लागवड झालीच म्हणून समजा.

इथे नावाचा एक सापळा आहे. आपल्याकडे ओलसर जागी आपण होऊन वाढणारा पिवळा माका हा वेडेलियाचा जवळचा नातेवाईक, तोही जमिनीलगत पसरतो आणि त्याचंही फूल पिवळंच. नर्सरीतल्या 'ब्राह्मी'चंही तसंच : कुणी नीरब्राह्मी देतं, कुणी गोल पानांचा करिवणा. दोन्ही जमीन झाकतात, पण कुळं वेगळी. म्हणून मुलाखतीत माहिती देणाऱ्याने नाव सांगितलं की नमुना बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

कायद्याने काय बघितलं?

१९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत, सुशोभीकरणासाठी वाळूच्या टेकड्यांचं रूप बदलण्यावर बंदी आली. त्याच वर्षी २० जूनला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. चिंचणी त्यातच येते. २०११ च्या अधिसूचनेने वाळूच्या टेकड्यांना सर्वांत संवेदनशील गटात घातलं. दानपत्र लिहिणाऱ्याला ज्या वाळूची दखल घ्यायचं कारण नव्हतं, तिला असं कागदावर स्थान मिळालं. तरी कायदा टेकडीचं रक्षण करतो, आणि टेकडी उभी करते ती वेल. 'साफसफाई' म्हणून वेल उपटून निघाली तर टेकडी कागदावर राहील, किनाऱ्यावर राहणार नाही.

मग चिंचणीत लावायचं काय?

भरतीरेषेलगतच्या वाळूत नवीन काही लावू नका. मर्यादवेल आणि स्पायनिफेक्स असतील तिथे राहू द्या. घराच्या छोट्या वाफ्यात मर्यादवेल आणू नका, तिचे धुमारे कित्येक मीटर धावतात. विहिरीच्या, मोरीच्या ओलीला नीरब्राह्मी किंवा करिवणा. नीरब्राह्मी थोडं खारं पाणीही सोसते. पायवाटेला हरळी किंवा रतोलिया. बांधावर दुर्लक्षित पडलेल्या ह्या रतोलियातूनच जपानच्या उत्सुनोमिया विद्यापीठात 'कुरापिया' हा वाण तयार झाला, आणि तो परदेशात लॉनऐवजी विकला जातो. खाडीकाठच्या आवारात वेडेलिया नको, आधीच असेल तर छाटणी बाहेर टाकू नका.

हा झाला बागेचा सल्ला. संशोधनासाठी तुम्ही हे करून बघा. वेडेलियाची ठाणे-पालघर भागातली सर्वांत जुनी नोंद शोधा. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा (१९०१–१९०८) आधी, मग राज्याचे नंतरचे फ्लोरा, मग मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्याचं भारतीय वनस्पती सर्वेक्षण. प्रत्येक शीटवर तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. सगळ्यात जुनी तारीख म्हणजे वनस्पती आली ते वर्ष नव्हे, 'निदान तेव्हा ती इथे होती' एवढंच ती सांगते. शीटवर 'बागेतून' लिहिलंय की 'रस्त्याकडेला', हेही टिपून घ्या. ह्या दोन शब्दांच्या मधल्या वर्षांत तिने कुंपण ओलांडलं.

मग तुमचा प्रश्न असा होईल : "ह्या किनाऱ्यावर वेडेलियाने बागेचं कुंपण केव्हा ओलांडलं, आणि तेव्हा तिथे कोण राहत होतं?" सिनॉप्सिस इथून सुरू करा.