भिंतीवरील कागद : वस्तू आणि संहिता

शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७३ च्या पुनर्मुद्रणानंतर ती स्त्रीवादी समीक्षेच्या केंद्रस्थानी आली. नायिकेच्या खोलीतील वॉलपेपर ही पुरुषसत्ताक संहिता आणि नक्षीआड दिसणारी स्त्री म्हणजे तिच्यात कोंडलेले स्त्रीत्व, असे वाचन सँड्रा गिल्बर्ट व सुझन गुबर यांच्या १९७९ च्या ग्रंथापासून रूढ झाले. या वाचनात कागद केवळ प्रतीक म्हणून उरतो. वस्तू म्हणून त्याला असलेला इतिहास मात्र नजरेआड होतो.

वॉलपेपर ही मुळात अनुकरणाची वस्तू. धनिकांच्या भिंतींवरील रेशमी व मखमली आच्छादनांचा आभास तो स्वस्तात निर्माण करी. इंग्लंडमध्ये १७१२ पासून त्यावर असलेला कर १८३६ मध्ये रद्द झाला. पुढे यंत्रावरील छपाईमुळे तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचला आणि त्याच्यासोबत सोमलयुक्त रंगही पोहोचले.

१८७४ मध्ये मिशिगनमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट केडझी यांनी ‘शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ’ हा ग्रंथ सिद्ध केला. लहानशा प्रस्तावनेनंतर त्यात होते ते विषारी वॉलपेपरचे ८६ प्रत्यक्ष नमुने. त्याच्या शंभर प्रती राज्यातील ग्रंथालयांकडे पाठविण्यात आल्या. त्यांतील बहुतेक पुढे नष्ट करण्यात आल्या. वॉलपेपर ‘वाचण्याची’ कल्पना गिलमन यांच्या कथेआधी अशी अक्षरशः अस्तित्वात आलेली होती, आणि तिथे वाचन हीच धोक्याची कृती होती.

या पार्श्वभूमीवर कथेतील दोन तपशील वेगळे भासू लागतात : कपड्यांवर उमटणारे पिवळे डाग आणि घरभर पसरणारा दर्प. कथेतील कागदात सोमल होता, असे यावरून सिद्ध होत नाही. तसा दावा करणे म्हणजे कथेचा विषचिकित्सेचा अहवाल करणे होय. महत्त्वाचा आहे तो पुराव्याचा प्रश्न. भिंत माणसाला आजारी पाडू शकते, हे केडझी यांना मांडता आले, कारण त्यांच्यापाशी रासायनिक परीक्षणाचा आधार होता. नायिकेपाशी स्वतःच्या अनुभवाखेरीज कोणताच आधार नाही. म्हणूनच तिचा डॉक्टर पती कागद बदलण्याचा आधीचा विचार सोडून देतो आणि तिच्या तक्रारीला मनाचा खेळ ठरवतो.

कोणाची तक्रार ज्ञान ठरते आणि कोणाची भ्रम, हा कथेतील सत्तासंबंध वस्तूच्या इतिहासामुळे अधिक स्पष्ट होतो. प्रतीकाचे सामर्थ्य वस्तूपासून तोडून घेतले, तर स्त्रीवादी वाचनाची धारच बोथट होते.