हातीं आलेला नकाशा

शाळेच्या भिंतीवरील नकाशा हा दुरून पाहावयाचा पदार्थ होता; गुरुजींच्या छडीचें टोंक जेथें टेके, तेवढेंच जग विद्यार्थ्यास दिसे. आज तोच नकाशा बोटानें सरकतो, चिमटीनें लहानमोठा होतो आणि दुकानाच्या पत्त्यापासून पावसाच्या अंदाजापर्यंत कोणत्याही वेब ॲप्लिकेशनमध्यें जाऊन बसतो. त्याच्या चपलतेचें कौतुक पुष्कळ झालें आहे. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र निराळाच प्रश्न सुचतो: हा नकाशा वाचकाच्या हातीं आला खरा, पण तो त्याच्या मालकीचा झाला काय?

आरंभ १९९३ सालचा. अमेरिकेंतील पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत स्टीव्ह पुट्झ यांनीं वेबवर जगाचा नकाशा पाहण्याची सोय केली. वाचकानें एखाद्या जागीं टिचकी मारली कीं दूरचा संगणक त्या जागेचें नवें चित्र काढी आणि सबंध पान पुन्हां धाडून देई. प्रत्येक पावलास अर्ज व प्रत्येक अर्जास प्रतीक्षा, असा तो कचेरीचा व्यवहार होता.

हा व्यवहार लोकांच्या अंगवळणीं पडला असतां ८ फेब्रुवारी २००५ रोजीं गूगल मॅप्स प्रसिद्ध झालें. लार्स व येन्स रासमुसेन हे बंधु आणि त्यांचे दोन सहकारी यांची सिडनी येथील लहानशी कंपनी गूगलनें आदल्या वर्षीं विकत घेतली होती. तिच्या कामाचें हें फळ. नकाशा मागणी आल्यावर काढावयाचा नाहीं, आधींच काढून त्याच्या चौकोनी फरशा पाडून ठेवावयाच्या, ही कल्पना अगदीं नवी नव्हती. पान न बदलतां त्या फरशा गुपचूप आणून बोटाच्या गतीसरशीं जोडीत जाणें, हें मात्र सामान्य वाचकानें प्रथमच पाहिलें. फरशीचें रूढ माप २५६ बिंदु लांब व तितकेंच रुंद. आरंभीं सारें जग एका फरशींत मावतें. पुढील प्रत्येक पायरीस एकीच्या चार होतात. दहाव्या पायरीवर त्यांची संख्या १०,४८,५७६ भरते. वाचकाचा ब्राउझर डोळ्यांपुढच्या व आसपासच्या थोड्या फरशाच मागवितो, म्हणून एवढें जग लहानशा यंत्रांत सुखानें फिरतें.

या फरशांचा सांचा मात्र जुना आहे. आरंभींच्या गूगल मॅप्समध्यें स्टॉकहोमसारख्या उत्तरेकडील शहरांत काटकोनांत मिळणारे रस्ते तिरपे दिसत. तो दोष घालविण्यासाठीं मर्काटर यानें १५६९ मध्यें खलाशांकरितां काढलेली पद्धति स्वीकारण्यांत आली. तींत गल्लीचे कोन शाबूत राहतात; पण ग्रीनलंड आफ्रिकेएवढें फुगतें, आणि आफ्रिका तर त्याच्या सुमारें चौदापट आहे. प्रत्येक नकाशा कांहीं खरें सांगण्यासाठीं कांहीं खोटें पत्करतो, तें असें.

त्याच वर्षीं पॉल रॅडमाकर यांनीं भाड्याच्या घरांच्या जाहिराती, परवानगी न विचारतां, गूगलच्या नकाशावर मांडल्या. कंपनीनें दरवाजा लावून न घेतां जून २००५ मध्यें तो सर्वांस अधिकृतपणें उघडून दिला. परका नकाशा स्वतःच्या पानांत बसविण्याची वहिवाट तेव्हांपासून रुळली. पण उघडलेला दरवाजा मालकाचाच असतो. तोंवर दिवसाला २५,००० वेळां विनामूल्य उघडणारा नकाशा जुलै २०१८ च्या नव्या दरपत्रकानें महिन्याला सुमारें २८,००० वेळांवर आला, आणि ज्यांनीं त्याच्या भरंवशावर घर बांधलें होतें त्यांस आपण भाडेकरू आहों हें समजलें.

दुसरी वाट २००४ मध्येंच निघाली होती. सरकारी मोजणीचे नकाशे इंग्लंडांत महाग व अटींनीं जखडलेले. म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनीं लोकांनींच काढावयाचा ओपनस्ट्रीटमॅप आरंभिला. त्याची कसोटी १२ जानेवारी २०१० च्या हैतींतील भूकंपांत लागली. पोर्त-ओ-प्रँस शहराचा त्यांतील नकाशा तोंवर जवळजवळ कोरा होता. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनीं उपग्रहचित्रें पाहून थोड्याच दिवसांत गल्ल्या व छावण्या रेखिल्या, आणि सुटकेची पथकें त्यांवरून चाललीं. पुढें २०११ मध्यें युक्रेनचे व्लादिमीर अगाफोन्किन यांनीं लीफलेट हें मुक्त साधन दिलें. पानांत एक चौकट, मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश, पायरीचा आंकडा आणि फरशांचा पत्ता एवढें सांगितलें कीं नकाशा हलूं लागतो. तथापि येथेंही सर्वच फुकट नाहीं. माहिती मुक्त असली तरी फरशा पुरविणारीं यंत्रें देणग्यांवर चालतात. ज्यास मोठा राबता आहे त्यानें स्वतःची व्यवस्था करावी, आणि काढणाऱ्यांचें ऋण नकाशाच्या कोपऱ्यांत नमूद करावें, हा तेथील धर्म आहे.

आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१ च्या सरकारी सूचनांनीं नकाशे काढण्यास लागणारी पूर्वपरवानगी भारतीयांपुरती बहुतांशीं दूर केली. ओपनस्ट्रीटमॅपमध्यें प्रत्येक गांवास मराठी नांव लिहिण्याची स्वतंत्र जागा आहे. ती कोणी कंपनी आपल्याकरितां भरील अशी वाट पाहत बसणें म्हणजे पुन्हां गुरुजींच्या छडीकडे पाहणें होय. ज्या वाडीची पायवाट आपणांस ठाऊक आहे, तिचें नांव आपण लिहिलें, तरच हातीं आलेला नकाशा आपला झाला असें म्हणतां येईल.