पाण्याबाहेर गाठणारा आजार

मालवणला किंवा तारकर्लीला जाऊन, पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राचा तळ पाहून आलेली माणसे आता आपल्या गावातही भेटतात. त्यांच्यापैकी कोणी परतल्यावर ‘खांदा ठणकतो, अंगात त्राण नाही’ असे म्हणाला, तर घरची मंडळी काय म्हणतात? सवय नव्हती, उन्हात फिरलास, झोप झाली नाही. तेल चोळ आणि नीज. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत, तो एका अर्थी या ‘तेल चोळ आणि नीज’चाच इतिहास आहे.

त्याची सुरुवात समुद्रात होत नाही, नदीत होते. रिकामी घागर पालथी करून पाण्यात दाबली तर आत हवा कोंडून राहते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी पाहिले आहे. फ्रान्समधील त्रिजे नावाच्या इंजिनियराने १८४१ च्या सुमारास हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. पंपाने दाबाची हवा सोडून त्याने पाणी बाहेर रोखले आणि आत मजूर उतरवून खणकाम करविले. पुढे पुलांचे पाये घालण्यासाठी अशाच बिनबुडाच्या प्रचंड पेट्या नदीच्या तळाशी बसवू लागले. त्यांना कैसन म्हणतात. मजुरांना आत असताना काही होत नसे. बाहेर आल्यावर मात्र सांधे धरत, कोणाचे पाय लुळे पडत. बाधा दाबाच्या हवेतून बाहेर पडताना होते, आणि रोग्याला पुन्हा त्याच हवेत नेले तर आराम पडतो, असे पोल आणि वातेल या दोघा फ्रेंच डॉक्टरांनी १८५४ मध्येच नोंदवून ठेवले होते. म्हणजे दुखणे आणि त्यावरचा उतारा, दोन्ही कागदावर आले होते. कागदावरून ते माणसाच्या उपयोगी पडायला आणखी पस्तीस वर्षे लागली, ही खरी लाजेची गोष्ट.

अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपीवर जेम्स ईड्स याने पूल बांधायला घेतला. १८७० मध्ये कैसन नव्वद फुटांखाली गेला. कामावरून येणारे मजूर दुखऱ्या कमरेने वाकून चालत. त्या काळी तिकडच्या फॅशनेबल स्त्रियांत कमरेतून पुढे झुकून चालण्याची एक ऐट होती, तिला ‘ग्रेशियन बेंड’ म्हणत. मजूर एकमेकांना त्यावरून चिडवू लागले, आणि या आजाराचे ‘बेंड्स’ हे नाव त्या थट्टेतून रूढ झाले. थट्टा होते म्हटल्यावर माणूस दुखणे लपवितो, हे वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये एक मजूर पाळी संपवून वर आला, बरे वाटते म्हणाला, आणि थोड्याच वेळात धाप लागून गतप्राण झाला. मग जस्त आणि चांदीचे पट्टे मनगटाला, कमरेला बांधण्याची टूम निघाली. आपल्याकडच्या ताइतांना हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मजुरांच्या देखरेखीला डॉक्टर जॅमिनेट यांना नेमले होते. ते स्वतः पंचाण्णव फुटांवर पावणेतीन तास थांबले, साडेतीन मिनिटांत दाब उतरवून बाहेर पडले आणि घरी जाऊन आडवे झाले. हातापायांतील शक्ती गेली, बोलताही येईना. दैव बलवत्तर म्हणून ते उठले. मूळ कारण त्यांना उमगले नाही, पण कामाचे तास त्यांनी कमी करविले. तरी पूल पुरा होईतो डझनभर माणसे दगावलीच.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची कथा याहून प्रसिद्ध आहे. मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग हाच १८७२ मध्ये या आजाराने जायबंदी झाला. पुढची वर्षे तो खिडकीतून दुर्बिणीने काम पाही, आणि पत्नी एमिली त्याचे निरोप घेऊन रोज पुलावर जाई. १८८३ मध्ये पूल खुला झाला त्यात या बाईंचा वाटा फार मोठा आहे. त्यांच्यावर एक स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. तेथील डॉक्टर अँड्र्यू स्मिथ यांनी एकशेदहा रोगी तपासले, आजाराला ‘कैसन डिसीझ’ हे नाव दिले आणि पुन्हा दाब देऊन उपचार करण्याची कल्पनाही मांडली. मांडली, वापरली नाही.

कारण उलगडले ते पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८७८ च्या ग्रंथात. सोड्याची बाटली बंद असते तोवर पाणी शांत दिसते, फोडताच फसफसते. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नत्रवायू रक्तात आणि मांसात असाच मुरतो. हळूहळू वर आले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आले तर जागच्या जागी बुडबुडे धरतात. सांध्यात धरले तर ठणका, मज्जारज्जूत धरले तर पांगळेपण.

यानंतर न्यूयॉर्कला हडसन नदीखालच्या बोगद्यात पंचेचाळीस-पन्नास मजुरांत महिन्याला एक मरत होता. १८८९ च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर याने कामाच्या जागीच एक लोखंडी कोठडी बसविली. रोग्याला तीत घालून पुन्हा दाब द्यायचा आणि तो सावकाश उतरवायचा. पुढील पंधरा महिन्यांत, मजूर वाढून एकशेवीसपर्यंत गेले असताना, मृत्यू दोनच झाले. आजही पाणबुड्यांच्या आजारावर मुख्य इलाज हाच आहे, आता त्याला प्राणवायूची जोड मिळाली आहे. १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. त्यांचे चिरंजीव म्हणजे १९५७ मध्ये भारतात येऊन येथील नागरिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारलेले जे. बी. एस. हॉल्डेन, त्यांनीही दाबाचे प्रयोग स्वतःच्या देहावर केले होते.

आता आपल्या खांदेदुखीकडे वळू. हौशी माणसाला उथळ पाण्यात हा आजार सहसा होत नाही. तेथे भय निराळे आहे: श्वास कोंडून झटक्यात वर आले तर हवा फुगून फुप्फुस फाटते, आणि काही मिनिटांतच छातीत कळ, झापड किंवा बेशुद्धी येते. खोल बुड्या घेणाऱ्याचे मात्र तसे नाही. पुष्कळांना पहिल्या तासाभरात त्रास सुरू होतो, बहुतेक सगळ्यांना चोवीस तासांच्या आत. सांधा ठणकणे, मुंग्या येणे, अंगावर चट्टे, न शोभणारा थकवा, चक्कर, पाय जड होणे, लघवी अडणे. यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रोग्याला आडवे निजवावे, मिळेल तर शुद्ध प्राणवायू द्यावा आणि तत्काळ डॉक्टर गाठावा. दुखणे आपोआप ओसरले तरी दाखवावेच. ‘पुन्हा खाली गेल्यावर बरे वाटेल’ म्हणून पाण्यात उतरविणे तर प्राणाशी खेळ आहे.

विमानाला एका बुडीनंतर बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर अठरा तास थांबावे, हे पुष्कळांना ठाऊक असते. आंबोली घाटाचे कोणी सांगत नाही. तो माथा दोन हजार फुटांहून उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणजे बाटलीचे झाकण आणखी सैल. दुपारी समुद्रातून निघून रात्री कोल्हापूर गाठणाऱ्याने याचा हिशोब करावा.

आणि डॉक्टरांपुढे गेल्यावर पहिले वाक्य ‘मी बुडी मारून आलो आहे’ हे असावे. न्यूयॉर्कच्या बोगद्यांतील मजूर रस्त्यात कोसळले की लोक त्यांना दारुडे समजत आणि भलत्याच इस्पितळात पोहोचवीत. म्हणून विसाव्या शतकात त्यांना अंगावर एक बिल्ला बाळगावा लागे. त्यावर लिहिलेले असे की, हा माणूस दाबाच्या हवेत काम करतो. आजारी दिसला तर याला इस्पितळात नेऊ नका, कामावरच्या कोठडीकडे न्या.