खाडीचा सातबारा नसतो : वाशी गावच्या एका याचिकेची गोष्ट

ठाणे खाडी म्हटलं की हल्ली आधी फ्लेमिंगो आठवतात. त्यात वाईट काही नाही. पण या खाडीचा गेल्या ५० वर्षांचा इतिहास पुलांच्या तारखांनीच मांडावा लागतो.

१७ मार्च १९७० ला सिडको आली आणि ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. १९७३ ला वाशीचा पहिला पूल, १९९७ ला दुसरा. जमिनीला निदान सातबारा होता, म्हणून तिच्या मोबदल्यासाठी भांडता तरी आलं. तेही सोपं नव्हतं. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला.

खाडीचं काय? पिढ्यानपिढ्या कोळ्यांनी इथे डोल लावली, पाग टाकला. ओहोटीला बाया चिखलात उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवं काढायच्या. याची नोंद कुठल्याच तलाठ्याकडे नाही. कागद नव्हता, पण नियम होते. कोळीवाड्यांत डोलीची जागा घराघराची ठरलेली असायची, दुसऱ्याच्या जागेत कुणी जाळं लावत नसे. पावसाळ्यात समुद्राच्या होड्या वर ओढलेल्या, त्या नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात. आता सरकार १ जून ते ३१ जुलै बंदी घालतं, तीच गोष्ट. तिवरं सरपणाला तोडलीही जायची, ते लपवायचं कशाला? पण जिताडा, कोलंबी, बोय यांची पिल्लं त्याच मुळांत वाढतात, हे ठाऊक असलेली माणसंही तीच.

मग तिसरा पूल आला. वाशी गावची मरिआई मच्छीमार सहकारी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. म्हणणं साधं होतं : या कामाने आमची मासेमारी जाते, भरपाई द्या. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूला मच्छीमारांसाठी भरपाईचं धोरण आहे, मग आम्हाला का नाही? १२ ऑगस्ट २०२१ ला निकाल लागला. पारंपरिक मासेमारी हा रूढीने आलेला हक्क आहे आणि तो उपजीविकेच्या, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडलेला आहे, हे कोर्टाने मानलं. भरपाई ठरवायला समिती नेमायला लावली, राज्याला धोरण करायला सांगितलं. सातबारा नसलेल्या खाडीवर कोळ्यांचं नाव लागलं ते असं.

खाडीच्या तोंडाशी उरणला हे आधीच घडलं होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हरित लवादाने १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी द्यायचा आदेश दिला, जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांच्याविरुद्ध. अर्थात आदेश निघणं वेगळं नि पैसे हातात पडणं वेगळं, हे उरणकरांना सांगायला नको.

संवर्धनाची बाजूही याच काळात उभी राहिली. २००५ ला उच्च न्यायालयाने तिवरतोडीवर बंदी आणली, २०१२ ला कांदळवन कक्ष आला, २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ ला रामसरचा दर्जा. २०१७ च्या योजनेत खेकडापालन, कालवपालन करणाऱ्या गावगटांना ९० टक्के अनुदान ठरलं, ऐरोलीला खाडीदर्शनाच्या बोटी सुरू झाल्या. माझ्या मते यातली ही योजनाच सगळ्यात कामाची, कारण तिच्यात तिवर राखणाऱ्याच्या चुलीचा विचार आहे.

पण एक गाठ अजून सुटलेली नाही. भरपाई समिती नुकसान झाल्यावर मोजायला बसते. पुलाचा नकाशा काढायला बसतात तेव्हा त्या टेबलावर वाशी, जुहूगाव, सारसोळे, दिवाळे यांपैकी कुणाला खुर्ची असते का, हे आपल्या नगरसेवकाला विचारा.