अ‍ॅव्हरेज किती देते?

मुलगी बघायला गेल्यावर विचारायचे प्रश्न जसे पूर्वी ठरलेले असत, तसेच आपल्याकडे गाडी बघायला गेल्यावरचे प्रश्नही ठरलेले आहेत. अ‍ॅव्हरेज किती देते? मेंटेनन्स किती? पुढेमागे विकली तर किती येतील? वर्ध्यात हे तीन प्रश्न मी पन्नास वर्षे ऐकतो आहे. गाड्या बदलल्या, रस्ते बदलले, घेणाऱ्याचा पगार बदलला, प्रश्न मात्र तेच! शाळेत वर्षानुवर्षे इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण एखादी गोष्ट सगळेच करतात म्हटले की ती कधी आणि कशामुळे सुरू झाली हे बघण्याची मला खोड आहे. या तीन प्रश्नांनाही जन्मकाळ आहे. त्या त्या काळी ते अगदी बरोबर होते. काळ सरला, प्रश्न राहिले.

वर्ध्यात मोटारीची गोष्ट सांगायची तर सुरुवात एका बिनइंजिनाच्या मोटारीपासून करावी लागते. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला (म्हणजे पुढच्या सेवाग्रामला) राहायला गेले, तेव्हा वर्ध्याहून तिकडे जायला धड रस्ता नव्हता. एका जुन्या फोर्ड गाडीचे इंजिन काढून तिला बैल जुंपलेले होते आणि त्या वाहनाला लोक थट्टेने 'ऑक्स-फोर्ड' म्हणत. आज आपल्याला हसू येते. पण ज्याने कुणी हा उद्योग केला, त्याने गाडीची पारख चोख केली होती असे मला वाटते. रस्ता कसला आहे, जायचे किती लांब, बसणार कोण आणि ओढणार कोण, हे त्याने आधी पाहिले. गाडीचा विचार नंतर.

त्याच सुमारास मोटार आपल्या देशात बनावी म्हणून खटपट चालली होती. सर विश्वेश्वरय्यांनी मुंबईत कारखाना काढण्याची योजना मांडली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यासाठी १९३९ मध्ये अमेरिकेला जाऊन आले. युद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने दाद दिली नाही, तरी १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढलीच. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये वालचंद गेले, आणि १९५४ पासून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या गोल नाकामुळे मराठी माणसाने तिचे 'डुक्कर फियाट' असे बारसे केले! पुढे १९६४ मध्ये डिलाइट आली आणि १९७४ मध्ये तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, सुमारे चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगला लागूनच गिअर. पुढे दोघे, मागे तिघे (खरे म्हणजे पाच), आणि सामानाला डिकी. मराठी मध्यमवर्गाच्या मनात 'फॅमिली कार' म्हणून जे चित्र ठसले ते हेच.

पण ही गाडी घेणाऱ्याला पारखायला काही वावच नव्हता. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे इथे खरोखर गाडी बनवतील त्यांनाच धंदा करता येईल असे धोरण ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेल्या. उरल्या फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. नवी गाडी हवी तर अनामत भरून नाव नोंदवायचे आणि वाट बघायची. ही वाट महिन्यांची नसे, वर्षांची असे. मिळालेली गाडी ठरावीक मुदतीपर्यंत परवानगीशिवाय विकताही येत नसे. किंमतसुद्धा सरकार ठरवी, आणि त्यावरून प्रीमियर कंपनी व केंद्र सरकार यांच्यातला वाद १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

आता त्या तीन प्रश्नांकडे या उजेडात बघा. नवी गाडी लवकर मिळत नाही म्हटल्यावर वापरलेल्या गाडीला सोन्यासारखा भाव आला. कधी कधी नव्यापेक्षाही जास्त. म्हणून 'विकली तर किती येतील?' स्पर्धा नसल्यामुळे कारखान्यातून निघणाऱ्या मालाचा दर्जा इतका यथातथा झाला, की साठच्या दशकाच्या शेवटी सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती नेमावी लागली. म्हणून 'मेंटेनन्स किती?' आणि १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगात तेलाच्या किमती काही महिन्यांत चौपट झाल्या. म्हणून 'अ‍ॅव्हरेज किती?' तीनही प्रश्न टंचाईच्या पोटचे आहेत. टंचाईत माणूस पैशाचा विचार करतो. त्यात गैर काही नाही.

त्या काळात गाडीची खरी पारख होत असे ती जुन्या गाडीची, आणि ती करी मिस्त्री. आमच्या गावात असे एक मिस्त्री होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगणारे. गाडी बघायला नेले की ते आधी बॉनेटवर तळहात ठेवीत. बॉनेट गरम लागले तर म्हणत, "गुरुजी, गाडी आधीच गरम करून ठेवली असन त उद्या सकायी या." कारण थंड इंजिन सुरू होताना खोटे बोलू शकत नाही. मग सायलेन्सरचा धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरते आहे. चालू इंजिनावर तेलाचे झाकण उघडून आतून फुंकर किती येते ते बघायचे. खिशातला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचा; जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे, म्हणजे गाडी ठोकलेली आहे. उन्हात एका बाजूला बसून पत्र्यावरचे प्रतिबिंब सरळ दिसते की वाकडे, ते पाहायचे. पायाखालची रबरी चटई उचलून गंज बघायचा. टायर एकाच कडेला झिजले असतील तर चाकांची ठेवण बिघडलेली.

यातले जवळजवळ सगळे आजही तसेच्या तसे लागू पडते. (चुंबकाने मात्र हल्लीच्या प्लास्टिकच्या बंपरावर डोके फोडू नये.)

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. १९८३ मध्ये मारुती ८०० आली होती, १९९० मध्ये मारुती १००० ही डिकीवाली गाडी आली. १९९३ मध्ये मोटारींचा परवानाच रद्द झाला आणि मग गर्दी उसळली. सिएलो, एस्कॉर्ट, १९९८ ची होंडा सिटी, १९९९ ची अ‍ॅक्सेंट, २००२ ची पुण्याची इंडिगो. पहिल्यांदाच आपल्याला निवड करता येऊ लागली. पण त्यातल्या कितीतरी कंपन्या आज इथे नाहीत. देवू गेली, ओपल गेली, शेवरोले २०१७ च्या अखेरीस गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. तेव्हा 'पार्ट मिळतील का?' हा जुना प्रश्न अजून निवृत्त झालेला नाही. बंद पडलेल्या कंपनीची सेकंड हँड गाडी स्वस्त मिळते ती उगाच नव्हे.

आणखी एक गंमत सांगतो. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लगेच कंपन्यांनी डिक्या कापायला घेतल्या! २००८ ची इंडिगो सीएस हे पहिले उदाहरण. २०१२ मध्ये डिझायरही आखूड झाली. तीच रेघ आजपर्यंत चालू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के. म्हणजे व्हर्ना, सिटी, स्लाव्हिया यांसारखी मधल्या आकाराची सेडान घेताना आपण लांबीचाही कर भरतो. मागे तीन मोठी माणसे नेहमी बसणार असतील, लग्नकार्याला, दवाखान्याला लांब जाणे असेल, तर तो भरावा. नवराबायको दोघेच असाल तर कशाला?

आता मुद्द्याचे बोलतो. जानेवारी २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सेलसुऱ्याजवळ, रात्री पुलावरून गाडी कोसळून वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी गेले. त्या दिवशी जिल्ह्यात कित्येक घरी जेवण गेले नसेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले. गाडी महागातली महाग होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आणि डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरहून शिर्डीपर्यंत खुला झाला. आज येळाकेळीला चढलो की थेट मुंबईच्या दारापर्यंत ताशी १२० ची मुभा आहे. ज्या गावातल्या गाड्या आयुष्यभर साठच्या वर गेल्या नाहीत, त्या एकदम या रस्त्यावर आल्या. झिजलेले टायर त्या तापलेल्या काँक्रीटवर टिकेनात. २०२३ मध्ये परिवहन खात्याला महामार्गाच्या तोंडाशी टायर तपासून गाड्या परत पाठवाव्या लागल्या.

रस्ता बदलला, म्हणजे प्रश्न बदलायला हवा होता. 'ठोकली तर आतले वाचतील का?' हा प्रश्न मी अजून शोरूममध्ये फार जणांच्या तोंडून ऐकलेला नाही. पूर्वी तो विचारूनही उपयोग नव्हता, कारण उत्तर देणारे कुणी नव्हते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय लहान गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा त्या पाचही गाड्यांच्या साध्या मॉडेलांना शून्य तारे मिळाले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप परीक्षा सुरू झाली आहे. मोठ्यांसाठी किती तारे आणि मुलांसाठी किती, हे वेगवेगळे सांगितलेले असते. नातवंडे मागे बसणार असतील तर दुसरा आकडा आधी वाचा. आणि निकाल कुठल्या वर्षीच्या, कुठल्या मॉडेलचा आहे तेही बघा. थोरल्या भावाच्या मार्कांवर धाकट्याला पास करता येत नाही.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने तर वर्ष नीटच बघावे. चालकापुढची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना २०१९ मध्ये सक्तीची झाली, शेजारच्यापुढची २०२२ च्या आरंभापासून. त्याआधीच्या साध्या मॉडेलात ती नसेलही. असली, तरी एक सोपी परीक्षा आहे. किल्ली फिरवली की एअरबॅगचा आणि एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही तर अधिक वाईट, कारण कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. तळाशी गाळाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली समजा. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या गावी विकायला येतात.) टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, ते वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचे रबर समृद्धीवर नेऊ नये.

कागद तितकेच महत्त्वाचे. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा उतरला का, चालान थकले का, हे सरकारी वाहन पोर्टलवर दिसते. विम्याची मागची पॉलिसी मागा. पाच-सहा वर्षांच्या गाडीवर 'नो क्लेम बोनस' शून्य असेल तर क्लेम केव्हा आणि कशाचा घेतला ते विचारा. आणि विकणाऱ्यांनो, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली म्हणजे सुटलो असे समजू नका. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे.

राहता राहिले अ‍ॅव्हरेज. सोपे गणित करू. माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गाडी महिन्याला तीनशे किलोमीटर चालते. लिटरला १५ दिले तर २० लिटर पेट्रोल, १८ दिले तर पावणेसतरा. पेट्रोल शंभर रुपये धरले तर फरक महिन्याला सव्वातीनशे रुपयांच्या आसपास. यासाठी आपण अर्धा तास घासाघीस करतो, आणि दोन एअरबॅगा कमी असलेले मॉडेल 'परवडते' म्हणून घेतो! ज्याची गाडी महिन्याला तीन हजार किलोमीटर पळते त्याने अ‍ॅव्हरेज जरूर विचारावे. तरी तो प्रश्न तिसरा किंवा चौथा असावा.

असो. शेवटी एकच सुचवणे आहे. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, आणि सकाळच्या गारव्यात तर नकोच. मे महिन्यात, भर दुपारी, घरातल्या पाचही जणांना घेऊन जा. म्हाताऱ्या आईला मागे बसवा आणि तिला चढता-उतरताना गुडघे किती दुखतात ते विचारा. एसी मागच्या सीटपर्यंत पोहोचतो का बघा. मागच्या तिघांनाही पट्टे लावायला लावा. मधल्याचा पट्टा सापडतो का, आणि लागतो का, ते बघा. मग विचारा, अ‍ॅव्हरेज किती देते.