साखरेचे पर्याय आणि रक्तातील मेद : एका विलंबित प्रश्नाचा इतिहास

साखरेच्या पर्यायांचा इतिहास सामान्यतः शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु एखादा पदार्थ आरोग्यास हितकर की अहितकर, ह्याचा निवाडा त्याच्याविषयी कोणता प्रश्न विचारला गेला, ह्यावरही अवलंबून असतो. रक्तातील मेदावर ह्या पर्यायांचा परिणाम काय, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला. हा विलंब का झाला, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठात, आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करताना कॉन्स्टंटिन फाल्बर्ग यांना सॅकरीनचा शोध लागला. हा पदार्थ साखरेहून सुमारे ३०० पट गोड असून शरीरास ऊर्जा देत नाही. पुढे रेम्सन यांच्याच अध्यक्षतेखाली अमेरिकन सरकारने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने अल्प प्रमाणातील सॅकरीन निरुपद्रवी ठरविले. तथापि साखरेऐवजी ते वापरल्याने अन्नाचा कस उतरतो, ह्या कारणास्तव १९१२ मध्ये सामान्य खाद्यपदार्थांत त्यास मनाई करण्यात आली. ऊर्जेचा अभाव हा त्या काळी दोष होता. अर्धशतकानंतर, स्थूलतेची चिंता वाढल्यावर, तोच गुण ठरला. पदार्थ तोच होता, प्रश्न बदलला होता.

पुढचा प्रश्न कायद्याने ठरविला. १९५८ च्या डेलेनी कलमाने, प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य अन्नात मिसळण्यास अमेरिकेत बंदी झाली. मायकेल स्वेडा यांनी १९३७ मध्ये शोधलेले सायक्लामेट १९६९ मध्ये ह्याच कसोटीवर बाद झाले. त्याचे दोष शोधणाऱ्या संशोधनास साखर उद्योगाने द्रव्यसाहाय्य केले होते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

कारण त्याच दशकात खुद्द साखरेवर आक्षेप येऊ लागले होते. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील एड्वर्ड एरेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की काही रुग्णांत आहारातील पिष्टमय व शर्करामय पदार्थांमुळेच रक्तातील ट्रायग्लिसराइडांचे प्रमाण वाढते. लंडनमध्ये जॉन युडकिन हे साखरेचा संबंध हृद्‌रोगाशी जोडीत होते. अशा वेळी, १९६७ मध्ये, हार्वर्ड विद्यापीठातील तज्ज्ञांचा समालोचनात्मक लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साखरेविरुद्धचा पुरावा गौण मानून संपृक्त मेद व कोलेस्टेरॉल ह्यांवर भर देण्यात आला होता. ह्या लेखासाठी साखर उद्योगाच्या संशोधनसंस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, ही गोष्ट २०१६ मध्ये उजेडात आली. अर्थसाहाय्य जाहीर करण्याचा दंडक त्या काळी नव्हता, आणि मेदाविषयीचे मत केवळ पैशाने घडले असे म्हणणे अतिव्याप्तीचे होईल, असे काही इतिहासकारांनी २०१८ मध्ये सुचविले आहे. हा आक्षेप रास्तच होय. तरीही एकाच उद्योगाने प्रतिस्पर्ध्याविषयी एक प्रश्न पुढे ढकलावा आणि स्वतःविषयीचा दुसरा मागे सारावा, ही घटना इतिहासकारास दुर्लक्षिता येणार नाही.

ह्या दुर्लक्षाची किंमत फलशर्करेच्या उदाहरणात दिसते. तिच्या सेवनाने रक्तातील ग्लुकोज फारसे वाढत नाही. म्हणून मधुमेही व्यक्तींस साखरेऐवजी ती सुचविली जाई. परंतु तिचा बराचसा भाग यकृतात जातो आणि तेथे त्यापासून मेदाम्ले व ट्रायग्लिसराइडे तयार होतात. अखेर २००२ मध्ये अमेरिकेच्या मधुमेह संघाने, रक्तातील मेदावरील अनिष्ट परिणामांच्या शक्यतेमुळे, मधुमेहींच्या आहारात गोडीसाठी ती वरून घालू नये असा सल्ला दिला. फळांतून स्वभावतः मिळणाऱ्या फलशर्करेस हा आक्षेप लागू नव्हता. रक्तशर्करेच्या कसोटीस उतरलेला पर्याय मेदाच्या कसोटीस उतरला नाही.

ऊर्जाहीन पर्यायांची स्थिती वेगळी आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घेतलेल्या आढाव्यात, अल्पकालीन प्रयोगांत वजन किंचित घटल्याचे दिसले. रक्तातील मेदात मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. उलट दीर्घकालीन निरीक्षणांत अधिक सेवनाचा मधुमेह व हृद्‌रोग ह्यांशी संबंध दिसला. पण स्थूल व रोगप्रवण माणसेच असे पर्याय अधिक घेत असण्याचा संभव असल्याने ह्या संबंधास कार्यकारणभाव म्हणता येत नाही. म्हणून वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पर्याय वापरू नयेत, ही संघटनेची शिफारस सशर्त आहे, आणि ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही.

तात्पर्य, ‘निर्दोष’ हा शब्द विज्ञानात नेहमी कोणत्या तरी विशिष्ट प्रश्नापुरताच खरा असतो. तो प्रश्न कोणी विचारला, आणि कोणता विचारावयाचा राहून गेला, हे शोधणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. त्या शोधाशी रुग्णाच्या हिताचा निकटचा संबंध असतो.